फौजीच्या घरचं कार्ड

अनसिंगहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय.

फौजी सीमेवर असतो. घरी सासू-सासरे, लेकरं, त्यांची दुखणीखुपणी सगळं बाईच्या अंगावर. फौजीच्या घराला सरकारी उपचार मिळतो, हे आपण ऐकून असतो. तो कागदाशिवाय मिळत नाही, हे मात्र दुखणं आल्यावरच कळतं. आमच्या गटातल्या एका ताईंचे मालक फौजेतून पेन्शनवर आले. लष्कराच्या नोंदीत ताईंचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. त्यामुळे कार्ड अडलं. पिशवीच्या ऑपरेशनसाठी त्यांनी दोन शेळ्या विकल्या, गटातून कर्जही काढलं. कार्ड असतं तर तो खर्च योजनेतून झाला असता.

ही योजना म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस. ती १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पेन्शन घेणारा माजी सैनिक, त्याची बायको, त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील तिच्यात येतात. कुटुंब पेन्शन घेणारी विधवाही येते. वर्गणी एकदाच भरायची. वीरपत्नीला आणि १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना तीही माफ आहे. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात. मोठा आजार असेल तर तिथली चिठ्ठी घेऊन योजनेतल्या खाजगी दवाखान्यात उपचार होतो.

जीवावरचा प्रसंग आला तर चिठ्ठीसाठी थांबू नका. जवळचा दवाखाना गाठा. तो योजनेतला नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि बिलं, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पैसे आधी आपल्याला भरावे लागतात. नंतर सरकारी दरानं परत मिळतात, म्हणून पूर्ण बिल मिळेलच असं नाही.

ज्यांचे मालक अजून नोकरीत आहेत, त्यांनी सुट्टीत आल्यावर एवढं विचाराच, "माझं आणि लेकरांचं नाव पार्ट टू ऑर्डरला लागलं का? आधारवर आहे तसंच आहे का?" तेव्हा केलेली दुरुस्ती सोपी जाते. मालक गेल्यावर तेच काम एकट्या बाईला करावं लागतं.

अग्निवीरांच्या आयांनो, चार वर्षांनी घरी परतणाऱ्या मुलाला ही योजना लागू नाही. त्याच्या आरोग्य विम्याची सोय आधीच करा.

पुढच्या बैठकीला फौजीच्या घरच्या बायांनी आधार, पेन्शनचे कागद आणि डिस्चार्ज बुक आणावं. नावं आपण मिळून ताडून पाहू. जिथं फरक दिसेल, तिथं वाशिमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघी-तिघी मिळून जाऊ.