रंगण्याची सोय





शंभर वर्षांच्या दिंडीपुढे उभं राहिल्यावर इतिहास सांगावा असं कोणालाही वाटेल. तो या ग्रंथात इतरांनी लिहिला आहेच. आम्हाला आज एका घरगुती प्रश्नावर बोलायचं आहे. वारीत मन लागतं, घरी लागत नाही. द्वादशीचं पारणं फिटलं, एसटीनं गावी आलो, की आठ दिवसांत मन पुन्हा चार दिशांना. मग वर्षातले अठरा-वीस दिवस तेवढे ओले आणि बाकीचं वर्ष कोरडं, असंच चालायचं का?

कोणी म्हणेल, वारीतलं रंगणं ही माउलींची कृपा. आहेच. पण त्या कृपेला जागा मिळावी म्हणून आधीच्या मंडळींनी केवढी सोय लावून ठेवली आहे ती पाहा. हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारांच्या पदरी होते. त्यांनी सोहळ्याला जी शिस्त घातली ती आजही चालते. पहाटे काकडा, कोणत्या वेळी कोणते अभंग, रथापुढं कोण, मागं कोण, विसावा कुठं, सगळं ठरलेलं. चालणाऱ्याला दिवसभरात ठरवण्यासारखं काही उरतच नाही. घरी मात्र उठल्यापासून पन्नास गोष्टी आपणच ठरवत बसतो, आणि त्यातच दिवस खर्ची पडतो.

दुसरं असं, की वारीत चूक लगेच कळते. पावली खेळताना पाय चुकला की शेजाऱ्याचा धक्का लागतो, टाळ पुढं गेला की मृदंग सांगतो. नव्या पोराला आपण एकदम मध्ये उभं करत नाही. रांगेच्या टोकाला ठेवतो, साधा ठेका देतो. सोपं झालं की जरा अवघड. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, त्यात दिवे घाट. तरी चढाला भजन मंदावत नाही, उलट चढतं. अंगाला झेपेल त्याहून थोडंसं जास्त, पण पाठीशी सगळी दिंडी. मन लागतं ते अशा ठिकाणी.

अमेरिकेत मिहाय चिक्सेंटमिहाय नावाचे, मूळचे हंगेरियन, मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी लोकांजवळ पेजर दिले. दिवसातून कधीही वाजायचा, आणि त्या क्षणी काय चाललंय, मन कसं आहे, ते लिहून ठेवायचं. निघालं काय, तर माणसं रिकाम्या वेळेपेक्षा कामात जास्त रंगलेली होती. आणि गंमत पाहा, कामात असताना इच्छा मात्र दुसरीकडं जाण्याची! 1990 च्या पुस्तकात त्यांनी या रंगण्याला प्रवाह म्हटलं. अरणच्या सावतोबांना हे पेजरशिवाय कळलं होतं. त्यांनी मळा सोडला नाही.

पण आमचा खरा मुद्दा पुढंच आहे. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण डोळे पुसत ऐकतो. चिखल तुडवताना भान हरपलं आणि पायाखाली लेकरू आलं. देवानं ते परत दिलं, हे खरं. पण कथेतला दुसरा अर्थही सोडू नये. एक जण रंगतो तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी जागं राहावं लागतं. दिंडीत चोपदार जागा असतो, स्वयंपाकाची मंडळी जागी असतात, पाण्याच्या टँकरवाला जागा असतो. विणा खाली ठेवायचा नाही हा नियम. म्हणून पहारा बदलतो. एकाच्याच गळ्यात तो चोवीस तास कोणी अडकवत नाही.

घरात मात्र पहारा एकीच्याच गळ्यात. बुवा पोथी वाचतात, पोरगा पखवाज घेऊन बसतो, आणि ती चहा, गुरं, पाहुणा, गॅस यांत दर दहा मिनिटांनी उठते. पूर्वी जात्यावर पहाटेचा वेळ तरी तिचा असायचा. जनाबाईंच्या ओव्या त्याच वेळी आल्या. गिरणी आली, हात सुटले, फार चांगलं झालं. जातं परत आणा असं कोणी म्हणू नये. पण त्याबरोबर तिची अखंड घटका गेली, ती कोणी भरून दिली नाही.

म्हणून शताब्दीला कळस-कमान होईल तेव्हा होवो. आधी घरोघर रोज एक तास ठरवा. वेळ एकच, जागा एकच. फोन दुसऱ्या खोलीत. त्या तासात ज्याला जे येतं ते करावं: पाठांतर, शिवण, वाफ्याची बांधणी, पखवाजाचे बोल. रोज कालच्यापेक्षा थोडं अवघड. आणि घराचा पहारा वारानं वाटून घ्यावा. आज सासूबाई, उद्या थोरला मुलगा, परवा बुवा स्वतः. पुरुषांना पहिल्या आठवड्यात दूध उतू घालवावं लागेल, घालवा.

गावात सायंकाळचा हरिपाठ सातला सुरू होतो. सध्या बायका येतात त्या मागं बसतात आणि अर्ध्यातून उठून जातात, चुलीची ओढ असते. पुढच्या एकादशीपासून त्या दिवशी ज्यांचा पहारा असेल ते पुरुष घरी थांबतील, आणि टाळ घेऊन पुढच्या रांगेत माता-भगिनी बसतील. यादी विणेकऱ्यांकडं दिली आहे. नावं आजच लिहून जा.

रामकृष्ण हरी.