एक शेगडी, तीन पदार्थ

बपेऱ्याकडे हिवाळ्यात तंबू टाकून राहायचं, तर कोळशाची एक छोटी शेगडी पुरते. पदार्थ फक्त उतरत्या आचेप्रमाणे लावायचे. कोळशांवर राखाडी पापुद्रा आला की जाळीवर वांगी आणि मिरच्या, भरतासाठी. मग भात, उकळी आली की शेगडीचं खालचं तोंड अर्धं झाकायचं, आच मंदावते. शेवटी राखेत रताळी.

खरा धोका इथूनच सुरू होतो. आता धूर नसतो, ऊब असते, बाहेर थंडी असते. म्हणून शेगडी तंबूत घ्यायचा मोह होतो. अजिबात घेऊ नका! विझत्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो. रताळी काढा, निखाऱ्यांवर पाणी ओता, शेगडी बाहेरच ठेवा. उबेसाठी घोंगडी आहेच की!