दिनचर्येतील शील



आरोग्यावरचे व्याख्यान म्हटले की काय खावे आणि काय वर्ज्य करावे, हे ऐकण्याच्या तयारीने श्रोते येतात. वसंतात दिवसा झोपू नये, असे आयुर्वेद सांगतो; ग्रीष्मात मात्र ती मुभा देतो, हे वऱ्हाडच्या माणसाचे भाग्यच! परंतु आज मला पथ्याच्या दुसऱ्या अंगाविषयी बोलायचे आहे.

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’शी आपल्या अकोल्याचे नाते जुने आहे. निर्णयसागर छापखान्याने १९३९ साली काढलेली या ग्रंथाची सटीक आवृत्ती अकोल्याचे भिषगाचार्य हरिशास्त्री पराडकर यांनी संपादिली. तीतील एक टीका देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याची आहे.

या ग्रंथातला दुसरा अध्याय दिनचर्येचा. पहाटे उठणे, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, स्नान असा क्रम चालला असता वाग्भट एकाएकी दहा पापांची नावे घेतो. हिंसा, चोरी आणि व्यभिचार ही तीन शरीराची. चहाडी, कठोर बोलणे, असत्य आणि वायफळ बडबड ही चार वाणीची. द्रोहबुद्धी, परक्याच्या वस्तूवरील लोभ आणि विपरीत दृष्टी ही तीन मनाची. बौद्ध ग्रंथांत ‘दहा अकुशल कर्मे’ म्हणून जी यादी येते, ती हीच. पुढे वाग्भट सर्व बाबतींत मध्यम मार्ग धरण्यास सांगतो, आणि आपले दिवस व रात्री कशा चालल्या आहेत हे रोज तपासावे, असेही सुचवितो. भिक्षूंना घालून दिलेल्या चिंतनातही हाच प्रश्न आहे.

वाग्भट कोणत्या पंथाचा होता, हा वाद पंडितांना लखलाभ असो! आपल्या उपयोगाची गोष्ट निराळी आहे. दंतधावन आणि सत्यभाषण त्याने एकाच अध्यायात बसविले. दहांपैकी चार दोष जिभेचे आहेत, हेही ध्यानात घ्या. जिभेचे पथ्य आपण खाण्यापुरते पाळतो. बोलण्यापुरते पाळतो काय? मलमूत्रादी वेग अडवू नयेत, पण लोभ, मत्सर, द्वेष यांचे वेग अवश्य अडवावेत, असा या वैद्याचा स्पष्ट सल्ला आहे.

दोन्ही वाटा सर्वस्वी एक आहेत, असे मात्र नव्हे. वैद्य ऋतू आणि प्रकृती पाहून मद्याला क्वचित जागा देतो. पंचशील ती देत नाही. कारण तेथे प्रश्न केवळ यकृताचा नसून सावधानतेचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोकांनी पंचशील स्वीकारले. त्यातले मद्यत्यागाचे शील गरिबाच्या घरी किती मोलाचे ठरते, हे त्या घरच्या माउलीला विचारावे.

आता एक धोका सांगतो. आचरण आणि आरोग्य यांचा संबंध आहे म्हटले की रोग्यालाच पापी ठरविण्याचा मोह होतो. जुन्या वैद्यकग्रंथांनीही कुष्ठाच्या कारणांत पापकर्म गणले. १८७३ साली हान्सेनने त्या रोगाचा जंतू शोधला, तरी समाजाने रोग्यांना गावाबाहेर ठेवणे सोडले नाही. अशा वेळी, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले. रोग्यांना उपचार दिले आणि त्यांच्या हातांना कामही दिले.

बुद्धाची एक कथा आहे. अतिसाराने लोळागोळा झालेला एक भिक्षू स्वतःच्याच मळात पडला होता. कोणी जवळ जाईना. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले. मग भिक्षूंना बजावले की, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. वाग्भटही दिनचर्येतच सांगतो की निर्धन, रोगी आणि शोकाकुल यांना यथाशक्ती साहाय्य करावे.

म्हणून ही दहा पथ्ये शेजाऱ्याच्या दुखण्याला लावू नका. ती स्वतःच्या दिवसाला लावा. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी, आपण दिवसभरात काय खाल्ले याबरोबरच काय बोललो, हेही एकदा आठवून पाहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.