ठोसा पायातून येतो

नालवाडीला अंगणात पोतं टांगून मी बॉक्सिंग शिकलो. डंबेल्सनं दंड फुगवले. पहिल्याच लढतीत, दुसऱ्या फेरीत हात वर उचलेनात. हरलो!

ताकद लागतेच, म्हणून तर वजनगट असतात. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युवा जागतिक सुवर्णपदक जिंकलं, तेही ८१ किलोंवरच्या गटात. पण ठोसा सुरू होतो मागच्या पायाच्या चवड्यापासून. जमिनीला दिलेला रेटा मांडी, कंबर, खांदा असा चढत मुठीत पोहोचतो. मूठ शेवटच्या क्षणी आवळायची. सतत ताठ ठेवलेला स्नायू लवकर थकतो.

आता माझा मुलगा आरशासमोर दंड मोजतो. मी त्याच्या हातात दोरी देतो. म्हणतो, "आधी उड्या मार, बाळा!"