जुनी गाडी : ठेवावी की सोडावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'घरखर्चातल्या एखाद्या विषयावर चार शब्द बोला,' असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. पापड-लोणच्यांत माझा हात धड नाही आणि विणकामात तर त्याहून नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, 'मग तुमच्या गाडीवरच बोला की!' त्यावर मला नाही म्हणता येईना. कारण त्या गाडीत बसली नाही अशी बाई या सभागृहात शोधूनच काढावी लागेल. मंडळाच्या हळदीकुंकवाचे नारळ तिने वाहिले, सहलीचे डबे वाहिले आणि एकदा तर बक्षीस-समारंभाचे पेटी-तबलेही वाहिले. ती गाडी आता नाही. ती का नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

गाडी म्हणजे आपली साधी मारुती आठशे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत कारखान्याने तिची बांधणी थांबवली. तीन सिलिंडरांचे इवलेसे इंजिन, पण कित्येक मध्यमवर्गीय घरांना 'आपली गाडी' हा शब्द पहिल्यांदा तिनेच शिकवला. आमची २००३ सालची, एमएच-११ पाटीची, पांढरी. ह्यांनी ती प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घेतली, आणि पहिल्याच महिन्यात मला म्हणाले, 'तू शिक. मी नसलो तर ती दारात उभी राहायची नाही.' मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. कोरेगावच्या रस्त्यावर मी ती किती वेळा बंद पाडली, याला गणती नाही.

ह्यांची एक शिस्त होती. गाडीच्या कप्प्यात एक वही असे. पेट्रोल किती भरले, ऑइल केव्हा बदलले, कोणता भाग कितीला पडला, किलोमीटर किती झाले, सारे तारीखवार. २०१९ साली हे गेले, त्यानंतर ती वही मी चालवू लागले. सुरुवातीला निव्वळ सवय म्हणून, पुढे मात्र त्या वहीनेच मला शहाणे केले.

२०२० साली गाडी कितीतरी महिने जागच्या जागी उभी राहिली. भगिनींनो, गाडी चालवून जितकी बिघडते, तितकीच ती उभी राहूनही बिघडते. बॅटरी मेली, ब्रेक जाम झाले आणि उंदरांनी तारा कुरतडल्या त्या निराळ्याच. ते सगळे निस्तरले, तो पुढच्या वर्षी पुण्याहून परतताना खंबाटकीचा घाट चढताना काटा लाल रेषेकडे गेला आणि पुढून वाफ निघू लागली. मिस्त्रींनी निदान केले, हेड गॅस्केट गेले. खर्च नऊ हजार चारशे. तोवर गाडी एक लाख नव्वद हजार किलोमीटर चाललेली.

आमचे चिरंजीव म्हणाले, 'आई, चाळीस हजारांच्या गाडीवर दहा हजार घालायचे? नवी घेऊ. एक लाख मी भरतो, बाकी कर्ज काढू.' ऐकावयास हे बिनतोड वाटते. मी म्हटले, थांब, वही आणते.

वहीत मागल्या तीन वर्षांची दुरुस्ती होती, चौतीस हजार दोनशे. म्हणजे वर्षाला अकरा हजार चारशे. नव्या गाडीला चार लाखांचे कर्ज, नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता महिन्याला आठ हजार तीनशेच्या घरात. वर्षाचे झाले जवळजवळ एक लाख. म्हणजे एका वर्षाच्या हप्त्यांत माझ्या गाडीची आठ वर्षांची दुरुस्ती निघत होती! 'पण नवी गाडी पेट्रोल कमी पिईल,' सूनबाई म्हणाल्या. तेही मांडले. माझे चालणे वर्षाला तीन हजार किलोमीटर. जुनी लिटरला पंधरा देई, नवी वीस देईल असे धरले, तर वर्षाला पन्नास लिटरांची बचत. लिटरला ११० रुपये धरले तरी साडेपाच हजार. लाख रुपये भरून साडेपाच हजार वाचवावयाचे, हा हिशेब कोणती गृहिणी मान्य करील?

येथे मला एक गोष्ट उमगली ती सांगते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहू नये. मला गाडी विकावयाचीच नव्हती, मग बाजारात तिचे चाळीस हजार येतात की चार हजार, याच्याशी मला काय कर्तव्य? प्रश्न एवढाच, की हे दहा हजार घातले तर गाडी मला आणखी किती दिवस नीट नेईल, आणि तेवढे दिवस दुसऱ्या मार्गाने काढावयास काय पडेल? मात्र त्याआधी इंजिन आतून धड आहे ना, हे तपासून घेतले पाहिजे. मिस्त्रींनी तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला, तो सारखा भरला. सायलेन्सरमधून निळा धूर येत नव्हता, म्हणजे इंजिन ऑइल पीत नव्हते. मी हो म्हटले. गाडी त्यानंतर तीन वर्षे चालली आणि ते दहा हजार पुरेपूर वसूल झाले.

आता दुसरा खाना. खर्चाच्या खान्याशेजारी मी 'खोळंबा' असा एक खाना आखला होता. गाडी वाटेत किंवा दारात अडली की तेथे फुली मारावयाची. २०२२ साली एक फुली. २०२३ साली तीन. २०२४ च्या जुलैपर्यंतच चार. त्यातली एक फुली तुमच्यापैकी काहींना ठाऊक आहे. आमच्या आळीतल्या आजींच्या छातीत रात्री दोन वाजता दुखू लागले, त्यांची सून धावत माझ्याकडे आली आणि गाडी सुरूच होईना. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भावाला उठवले, तो तसाच बनियनवर आला आणि आजी वेळेत पोहोचल्या. त्या घरातले कोणी मला शब्दानेही बोलले नाही. पण मला त्या रात्री झोप आली नाही. खर्चाच्या खान्यात त्या रात्रीचे मोल नऊशे रुपये, एवढेच लागले. नऊशे रुपयांचा स्टार्टरचा एक भाग! खर्च मोजणारी बाई खोळंबा विसरली तर अशी फसते.

तरीही मी गाडी सोडली नाही. माया आड येत होती, दुसरे काय? शिवाय २०२३ साली पंधरा वर्षांनंतरची दुसरी पाच वर्षांची नोंदणी करून घेतली होती. २०१८ साली त्याची फी सहाशे रुपये होती, २०२२ च्या एप्रिलपासून ती पाच हजार झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. २०२४ च्या मे महिन्यात अकरा हजारांचे चार टायर घातले. एवढे घातल्यावर आता कशी सोडावी, असे मन म्हणे.

त्या पावसाळ्यात नातीला शाळेतून आणताना ती म्हणाली, 'आजी, माझे बूट ओले झाले.' काच बंद, दार बंद, मग पाणी आले कोठून? मिस्त्रींनी गाडी वर उचलली, आतले मॅटिंग काढले आणि स्क्रूड्रायव्हरने तळाचा पत्रा ठोकून पाहिला. एके ठिकाणी स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचा वरचा आधार जेथे बसतो, तेथेही गंजाने पापुद्रे सुटले होते. मी विचारले, 'किती खर्च?' ते म्हणाले, 'पत्रे लावून, वेल्डिंग करून सात-साडेसात हजार.'

मला हायसे वाटले. हेड गॅस्केटपेक्षा कमी! मी होच म्हणणार होते. पण मिस्त्री पुढे म्हणाले, 'वहिनी, पत्रा लावून देतो. पण त्याच्या शेजारचा पत्राही तितकाच जुना आहे. वेल्डिंगला धरायला तर काही पाहिजे ना?'

हा तिसरा खाना, धोक्याचा. माझ्या वहीत तो नव्हताच. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बॅटरी, टायर हे झिजावयाचेच भाग, ते बदलले की गाडी पूर्ववत होते. इंजिनाचेही काम पैसे घालून होते. परंतु ज्या सांगाड्यावर हे सारे उभे, तोच सडू लागला की दुरुस्ती म्हणजे फाटक्या लुगड्याला नवे ठिगळ. ठिगळ टिकते आणि लुगडे त्याच्या कडेने फाटते. त्यात त्या गाडीला एअरबॅग नाही, अंगाने ती हलकी. मागच्या सीटवर माझी नात.

चिरंजीवांना मी फोन केला. ह्या वेळी ते म्हणाले, 'आई, सात हजारच ना? करून टाक, बाबांची गाडी आहे.' तीन वर्षांपूर्वी दहा हजारांना नको म्हणणारा मुलगा सात हजारांना हो म्हणत होता, आणि तेव्हा हो म्हणणारी मी नाही म्हणत होते. शेजारणी म्हणाल्या, 'अहो, टायर नवे कोरे आहेत, नोंदणी २०२८ पर्यंत आहे!' खरे होते. पण टायरांचे अकरा हजार मी गाडी ठेवली तरी गेले होते आणि सोडली तरी गेले होते. गेलेल्या पैशांना पुढचा निर्णय करू देऊ नये, हे मी त्या आठवड्यात शिकले.

आणखी एक परीक्षा राहिली होती. एक गृहस्थ गाडी पाहून पस्तीस हजार देतो म्हणाले, मुलाला शिकावयास हवी होती. मी मॅटिंग उचलून पत्रा दाखवला. त्यांनी सतरा हजार केले आणि म्हणाले, 'चालवून घेऊ.' मी नकार दिला. जी गाडी माझ्या नातीला नको, ती दुसऱ्याच्या मुलाला कशी देऊ? अखेर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर दिली. साडेसहाशे किलोंच्या आसपास लोखंड, हाती सोळा हजार आले. गाडी जमा केल्याचे सर्टिफिकेट मिळते, ते जपून ठेवावे. नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत आहे. आणि आर.टी.ओ.त जुनी नोंदणी रद्द झाल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर कागदोपत्री गाडी आपल्याच नावावर राहते. नेण्याआधी मी कप्प्यातून वही तेवढी काढून घेतली.

आता मी गावात रिक्षाने जाते, पुण्याला एस.टी.ने, आणि लग्नकार्याला भाड्याची गाडी करते. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास लागतात. पूर्वी पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती धरून साडेतीन हजार लागत. पैसे वाचतात, हे खरे. पण स्वतः किल्ली फिरवून निघावयाचे सुख गेले, हेही खरे. ते कोणत्या खान्यात मांडावे, मला अजून कळलेले नाही.

एक विनंती करून बसते. रात्रीबेरात्री माझ्या दारात धावत येणाऱ्या भगिनींसाठी आता तेथे गाडी नाही. म्हणून आपल्या आळीतल्या दोन रिक्षावाल्या भावांशी मी बोलले आहे. रात्री केव्हाही हाक मारा, असे दोघेही म्हणाले. त्यांचे नंबर आज मंडळाच्या फळ्यावर लावले आहेत. ते प्रत्येकीने उतरून घ्यावेत. आणि ज्यांच्या दारात गाडी आहे, मग ती नवी असो वा जुनी, त्यांनी एक वही घालावी. तीन खाने आखावेत, खर्च, खोळंबा आणि धोका. पहिल्या दोन खान्यांत तडजोड चालते. तिसऱ्यात पहिली फुली पडली, की वही मिटावी.