डॉ. जयंत नारळीकर : सहीऐवजी उत्तर



आपण जमवलेल्या निधीतून शाळेत विज्ञानकोपरा उभा राहतो आहे आणि त्याला डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव द्यायचे ठरले आहे. २० मे २०२५ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते पुण्यात गेले. त्यांच्याबद्दल दहा मिनिटे बोल, असे संयोजकांनी मला सांगितले. कारण विचारले तर म्हणाले, तू इंजिनिअर आहेस! माझी आणि सरांची ओळख नव्हती. आपल्यातल्या अनेकांप्रमाणे मीही 'यक्षांची देणगी' याच शाळेच्या वाचनालयातून नेले, मुदत उलटून गेल्यावर परत केले आणि बाईंची बोलणी खाल्ली. एवढाच माझा अधिकार.

ते गेल्यावर सगळीकडे 'साधे', 'नम्र', 'निगर्वी' असे शब्द वाचायला मिळाले. ते खरेच आहेत. पण नम्र म्हणजे हळू बोलणारा माणूस, एवढाच अर्थ आपण घेतला तर नारळीकर आपल्या हाती लागणार नाहीत. वादात मागे हटणारा हा माणूस नव्हता. उलट आपल्या क्षेत्रातल्या बहुमताशी ते सुमारे साठ वर्षे भांडले.

ते जन्माने कोल्हापूरचे, १९ जुलै १९३८ चे. वाढले बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. आई संस्कृतच्या जाणकार. शाळा हिंदी माध्यमाची, मराठी घरातली. घरात भिंतीवर फळा होता. मोरूमामा त्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत आणि वर मथळा देत, 'जयंतसाठी आव्हान'. उत्तर सापडेपर्यंत किंवा मुलगा हार मानेपर्यंत कोडे पुसायचे नाही. आपल्याकडे आता भिंतीवर टीव्ही असतो, असे म्हणायचा मोह होतो आहे, पण तो आवरते. माझ्याही घरी आहे.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. केंब्रिज, तिथल्या गणिताच्या परीक्षेत १९५९ मध्ये पहिला क्रमांक, मग फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन. हॉइल यांचे म्हणणे असे की विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहते, त्यामुळे कुठल्याही काळी पाहिले तरी साधारण सारखेच दिसते. १९६१ च्या सुरुवातीला मार्टिन राइल यांनी दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली आणि त्यावरून हॉइल यांचा सिद्धांत मोडीत निघाला असा दावा केला. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायचे होते. हॉइल यांना दुसरीकडे जायचे होते, म्हणून त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला उभे केले. वय वर्षे २२! समोर त्या विषयातली मोठी नावे. हॉइल यांनी आपला जयंता ओळखला होता, असे म्हणायला हवे.

१९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशात सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धांताचे सुधारलेले रूप मांडले. तेही फारसे कोणी स्वीकारले नाही. इथे मला माझे मत सांगितले पाहिजे, नाहीतर हे भाषण आरतीसारखे होईल. मला वाटते, या वादात पुराव्याचे वजन दुसऱ्या पारड्यात होते आणि आहे. ते बरोबर होते म्हणून मला मोठे वाटत नाहीत. हरत असलेली बाजू त्यांनी ज्या रीतीने लढवली, त्यात मला ते दिसतात.

आता आयुकाकडे पाहा. १९७२ साली ते परदेशातून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्याच्या आयुकाचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत ते त्या पदावर होते. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल संचालकांचे मत जगाच्या विरुद्ध, आणि त्यांनीच जमवलेली माणसे? महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे पद्मनाभन, वरुण साहनी यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे मोकळेपणाने नावारूपाला आले. संजीव धुरंधर गुरुत्वीय लहरी ओळखण्याचे गणित तेव्हापासून करत होते, जेव्हा त्या लहरी प्रत्यक्ष सापडतील की नाही हेच कोणाला सांगता येत नव्हते. २०१५ मध्ये त्या सापडल्या. साहेबाचे मत आणि हाताखालच्याचे मत वेगळे असले की काय होते, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी पंचवीसेक वर्षे वेगवेगळ्या कचेऱ्यांत बसते आहे, म्हणून मला हे फार मोठे वाटते.

आणि ती संस्था कोणासाठी? देशभरच्या विद्यापीठांसाठी. लहान गावातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाने यावे, राहावे, ग्रंथालय वापरावे, संशोधन करावे आणि परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावे.

दुसरी गोष्ट ज्योतिषाची. विज्ञानवादी माणसे ज्योतिषाची थट्टा करतात आणि घरी जातात. नारळीकरांनी २००८ मध्ये चाचणी घेतली. डॉ. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग बरोबर होते. हुशार म्हणून निवडलेल्या १०० मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. कोणती पत्रिका कोणाची, हे कुलूपबंद. पुढे आलेल्या ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि मूल कोणत्या गटातले, एवढेच विचारले. २७ जणांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवले असते तर ५० आले असते. समोरच्याचा दावा समोरच्याच्याच शब्दांत घ्यायचा, त्याला पुरेपूर संधी द्यायची आणि मग मोजायचे. थट्टेपेक्षा यात जास्त आदर आहे, आणि थट्टेपेक्षा हे जास्त कठोरही आहे.

स्वतःलाही त्यांनी असेच तपासायला दिले होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवताना त्यांनी नाव बदलले : नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी केलेली. परीक्षकांनी अक्षर ओळखू नये म्हणून मंगलाताईंकडून कथा पुन्हा लिहून घेतली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. २०२३ मध्ये त्या गेल्या. पद्मभूषण मिळून नऊ वर्षे झालेल्या माणसाने नावाचे वजन बाजूला ठेवून स्पर्धेत उतरावे, हे मला गमतीचे वाटते आणि हेवाही वाटतो. कथेला पहिले बक्षीस मिळाले.

आता ज्यासाठी मी खरे तर उभी आहे ते. आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होत. व्याख्यान संपले की मुले सहीसाठी वह्या घेऊन भोवती जमत. सर सांगत, सही नाही. विज्ञानातला एखादा प्रश्न मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर देईन, त्याखाली माझी सही असेल. मुले पोस्टकार्डे पाठवत आणि उत्तरे येत. ज्याने राइलला उत्तर दिले, तोच माणूस सातवीतल्या मुलाला उत्तर देत होता, आणि त्याला ते काम खालचे वाटत नव्हते.

विज्ञानकोपऱ्याच्या अंदाजपत्रकात सध्या संगमरवरी पाटी, चौकटीतला मोठा फोटो आणि उद्घाटनाचा मांडव आहे. फोटो असू दे. पाटीचे आणि मांडवाचे पैसे मात्र मला वाचवायचे आहेत. कालपासून काही जणांशी यावरून माझी वादावादी चालू आहे आणि ती चहापर्यंत चालेल असे दिसते. माझी मागणी अशी : एक लाकडी पेटी आणि पोस्टकार्डे. मुलांनी प्रश्न लिहून पेटीत टाकायचा, नाव घालायचे. दर महिन्याला ते प्रश्न आपल्यात वाटले जातील. आपल्यात डॉक्टर आहेत, वायरमन आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, दोन परिचारिका आहेत, बँकवाले तर पुष्कळच. उत्तर हाताने लिहायचे, पंधरा दिवसांत पाठवायचे. गुगलवरचे उतरवायचे नाही. येत नसेल तर 'मला येत नाही, पण अमक्याला विचारून कळवतो' असे लिहायचे आणि खरेच विचारायचे. पहिल्या वर्षी वीस माणसे हवीत.

जेवणाच्या हॉलमध्ये ताकाच्या टेबलाशेजारी यादी ठेवली आहे. सकाळपासून अकरा नावे झाली, त्यातली तीन आपल्या निवृत्त शिक्षकांची आहेत. पेन दोरीने बांधले आहे. कृपा करून खिशाला लावून नेऊ नका.