बोटावरचा चिमटा



लहानपणी दिवे गेले की आपण सगळ्यांनीच एक खेळ केलेला असतो. बॅटरी पेटवायची आणि तिच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. अंधारात बोटं निखाऱ्यासारखी लाल दिसायला लागतात. बॅटरीचा उजेड तर पांढरा, मग हातातून बाहेर पडताना तो लाल का होतो? कारण बाकीचे रंग वाटेत रक्तच गिळून टाकतं आणि लाल तेवढा निसटतो. आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे, ते याच खेळातून निघालं आहे. फक्त किती उजेड आत गेला आणि किती बाहेर आला, याचा हिशोब ते चोख ठेवतं.

हे यंत्र म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत सांगणारा बोटावरचा चिमटा. कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली आणि आशाताई हा चिमटा घेऊन दारोदार फिरल्या. बोटाला लावून ९८ आकडा आला की घरादाराला हायसं वाटायचं, ९२ आला की धावपळ सुरू व्हायची. त्या साथीत माणूस बोलतोय, चहा पितोय, धाप म्हणून नाही, आणि रक्तातला ऑक्सिजन मात्र उतरलेला, असं पुष्कळदा घडलं. वरून पाहून काही कळत नव्हतं. चिमट्याला कळत होतं. कसं कळत होतं?

चिमट्याच्या एका जबड्यात दोन बारीक एलईडी दिवे असतात. एक लाल, आणि दुसरा अवरक्त, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये असतो तसा, डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या जबड्यात उजेड मोजणारा संवेदक असतो. आता रक्ताकडे या. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालचुटूक असतं, ऑक्सिजन देऊन टाकलेलं काळपट होतं. काळपट हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, तर लालचुटूक हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं. दोन्ही दिवे आळीपाळीने सेकंदाला शेकडो वेळा लागतात. कुठला उजेड किती आटला याची तुलना केली की रक्त किती भरलेलं आणि किती रिकामं, ते निघतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण बोटात नुसतं रक्त थोडंच असतं? कातडी आहे, नख आहे, हाड आहे, शिरांतून परतणारं वापरलेलं रक्त आहे. सगळेच उजेड अडवतात. आपल्याला हवं असतं ते फक्त धमनीतलं ताजं रक्त. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंचावर उडणाऱ्या वैमानिकांसाठी कानाला लावायचं यंत्र बनवलं. ‘ऑक्सिमीटर’ हे नावही त्याचंच. पुढे अर्ल वुड यांनी कानाची पाळी आधी दाबून, रक्त हटवून मोजायचं, मग दाब सोडून पुन्हा मोजायचं, अशी युक्ती काढली. पण ही यंत्रं बोजड होती आणि दर वेळी जुळवून घ्यावी लागत. रोजच्या कामाला ती निरुपयोगीच ठरली.

हा गुंता जपानमधल्या एका अभियंत्याने सोडवला, आणि तो सोडवायला तो बसलाच नव्हता. ताकुओ आओयागी १९७१ साली निहोन कोहडेन या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत दाखल झाले. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं, हे त्यांना धमनीतलं रक्त न काढता मोजायचं होतं. रक्तात रंगद्रव्य सोडायचं आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती वेगाने विरतं ते पाहायचं, अशी ती पद्धत होती. पण आलेख काही सरळ येईना. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी रेघ हलायची. दळताना जात्यात खडा यावा तसं झालं. आओयागींनी तो खडा काढायचा ठरवलं. दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे प्रकाश वापरून त्यांनी ठोक्यांची हालचाल एकमेकींतून वजा केली. रेघ सरळ झाली. पण रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती परत हलायला लागायची.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. आओयागींच्या लक्षात आलं, की हा खडाच कामाचा आहे. ठोक्यासरशी बोटात किंवा कानात जे वाढतं आणि ओसरतं, ते फक्त धमनीतलं रक्त असतं. कातडी, हाड, नख जागच्या जागी राहतात. म्हणजे उजेडातला जो भाग हलतो तेवढाच मोजायचा आणि जो स्थिर आहे तो सोडून द्यायचा. हा हलणारा भाग शंभरात जेमतेम एक-दोन असतो, पण सगळी बातमी त्यातच असते. एप्रिल १९७४ मध्ये ओसाकाच्या परिषदेत त्यांनी ही कल्पना मांडली. ‘पल्स ऑक्सिमीटर’ या नावातला ‘पल्स’ तो हाच.

श्रोतेहो, कल्पना सुचणं वेगळं आणि ती रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचणं वेगळं. आओयागींच्या कंपनीने १९७५ मध्ये कानाला लावायचं यंत्र काढलं, पण ते फारसं चाललं नाही आणि पुढचं काम थंडावलं. कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिनोल्टा कंपनीनेही त्याच सुमारास हे तत्त्व हाताळलं होतं. तिने १९७७ मध्ये बोटावर बसणारं यंत्र बाजारात आणलं. ते अमेरिकेत स्टॅनफर्डला पोचलं आणि विल्यम न्यू यांच्या नजरेस पडलं. हे गृहस्थ भूलतज्ज्ञ होते आणि इंजिनियरही. १९८१ मध्ये त्यांनी भागीदारीत नेलकोर नावाची कंपनी काढली. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या यंत्रात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते ‘टिंग’ असा आवाज करायचं, आणि ऑक्सिजन उतरू लागला की तो सूरही उतरायचा. भूल देणाऱ्याचे डोळे रुग्णावर, हात नळीवर. त्याने पडद्याकडे बघावं तरी कधी? कान मात्र मोकळे असतात. रेडिओवर बोलणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. शस्त्रक्रियेच्या खोलीत काय लागतं, हे तिथे उभं राहिलेल्या माणसाला ठाऊक होतं. उद्योजकता म्हणतात ती ही.

पुढच्या काही वर्षांतच श्रीमंत देशांत ऑक्सिमीटरशिवाय भूल देणं अशक्य झालं. गरीब देशांत मात्र चित्र वेगळं होतं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की जगातल्या सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत हे साधं यंत्रही नव्हतं. त्या कामात अतुल गावंडे होते. ते अमेरिकेतले शल्यविशारद, पण त्यांच्या वडिलांचं मूळ गाव आपल्या विदर्भातलं. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत लाइफबॉक्स ही संस्था उभी केली. स्वस्त आणि दणकट ऑक्सिमीटर अशा रुग्णालयांपर्यंत पोचवणं, हे तिचं पहिलं काम.

इथवर ही यशाची गोष्ट आहे. आता तिची उणी बाजू. आपण म्हटलं, कातडी स्थिर असते, म्हणून हिशोबातून वगळली. ती खरोखर वगळली गेली का?

यंत्राला उजेडातून मिळतं ते फक्त एक गुणोत्तर. त्यावरून टक्के काढायला तक्ता लागतो. तो तक्ता असा बनतो: निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा हुंगवायची, त्यांच्या धमनीतलं रक्त काढून खरं प्रमाण तपासायचं, आणि त्या वेळी यंत्राने काय दाखवलं ते शेजारी मांडायचं. साधारण ७० टक्क्यांखाली कुणाला नेता येत नाही, म्हणून त्याखालचा आकडा केवळ अंदाज असतो. पण प्रश्न असा, की ते स्वयंसेवक कोण होते? बहुतांशी गोरे. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही लाल प्रकाश शोषतं, आणि तक्त्याने त्याची पुरेशी दखल घेतली नव्हती.

१९९० सालीच एका अभ्यासात ही चूक दिसली होती. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेतही दिसली. कुणी फार मनावर घेतलं नाही. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, एमआयटीतल्या एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी यावर लेख लिहून तो विषय पुन्हा उकरून काढला. त्याच वर्षी डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकडे मांडले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं खरं प्रमाण ८८ च्याही खाली असणं, हे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा. म्हणजे तिपटीहून जास्त. ऑक्सिजन लावायचा की नाही, हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आकडाच काहींच्या बाबतीत खोटा दिलासा देत होता.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या जुन्या सूचनेनुसार यंत्राची चाचणी १० माणसांवर केली तरी चालत असे आणि त्यांत दोघे गडद वर्णाचे असले की पुरे. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात किमान १५० माणसं, आणि सर्व छटांची, अशी अपेक्षा ठेवली आहे. आपला विठोबाही सावळाच. तेव्हा हा दूरदेशीचा वाद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्याकडे यंत्र खरेदी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने विक्रेत्याला विचारावं, की हे कुणाच्या बोटांवर तपासलं आहे?

मग घरातला चिमटा फेकून द्यायचा का? मुळीच नको. तो जपून वापरायचा. नखाला रंग किंवा गडद मेंदी नको. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणा. पाच मिनिटं स्वस्थ बसा, बोट हलवू नका, आणि आकडा स्थिरावू द्या. कोंडलेल्या खोलीत शेगडी पेटवून कुणी बेशुद्ध पडलं असेल, तर या यंत्रावर मुळीच भरवसा ठेवू नका. विषारी कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं आणि ते खुशाल ९८ दाखवतं.

आणि आज एवढं कराच. कपाटात पडलेला तो चिमटा काढा, सेल बदला. घरातल्या प्रत्येकाचा, धडधाकट असतानाचा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. उद्या कुणी आजारी पडलं आणि आकडा त्याच्या नेहमीच्या आकड्याहून तीन-चारने उतरला, तर ९५ आहे की ९४ याचा काथ्याकूट करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आकडा चांगला आहे पण माणूस मलूल दिसतोय, ओठ काळे पडलेत, दम लागतोय, तर तेव्हा माणसावर विश्वास ठेवा, यंत्रावर नको.